एक फोन लाल, एक हिरवा: डिसेंबरात आपल्या डोंगरावरच्या हवेला होतं काय?

अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथून दरी दिसायला लागते तिथे, आमची सकाळी फिरणाऱ्यांची टोळी पाच मिनिटं थांबते. डिसेंबरातली गोष्ट. साडेसहा वाजलेले, कानटोप्या, तोंडातून वाफा. आबांच्या मुलानं पुण्याहून येऊन त्यांच्या फोनात हवेचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्यात आपल्या गावाचा आकडा दीडशेच्या पुढे, तोही लाल रंगात. शेजारी काकूंनी त्यांचा फोन काढला. त्यात आकडा शंभरच्या आत, रंग हिरवट, खाली शब्द ‘समाधानकारक’.

“सर, यातलं खरं कोणतं म्हणावं?” आबांनी मला विचारलं. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे पाऊस लांबला तरी जाब मलाच. “आन् आपल्याकडं कुठं एवढे कारखाने हायेत? डोंगरावरचं गाव आपलं. लोक हवापालटाला यावेत अशी हवा.”

त्या दिवशी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट होतं. ते इथे नीट देतो.

दोन्ही फोन खरं बोलतात

हवेत तरंगणाऱ्या धूळ-धुराच्या कणांपैकी सगळ्यात त्रासदायक असतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मांडले तर एका केसाची जाडी भरते. शास्त्रात त्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात. मी पुढे नुसतं ‘बारीक कण’ म्हणेन. एक घनमीटर हवेत त्यांचं वजन किती मायक्रोग्रॅम भरतं, हे मोजलं जातं.

आता भांडण कुठे आहे ते बघा. भारतात २४ तासांच्या सरासरीसाठी ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. २०१५ पासून आपल्याकडे जो हवा निर्देशांक वापरात आहे, त्यात ६० मायक्रोग्रॅम म्हणजे निर्देशांक १००, आणि १०० पर्यंत ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या पट्टीवर मात्र तेच ६० मायक्रोग्रॅम दीडशेच्या पुढे जातात आणि रंग लाल होतो. आबांचं अ‍ॅप परदेशी पट्टीचं, काकूंचं भारतीय पट्टीचं. हवा एकच, फूटपट्ट्या दोन. पायलीनं मोजलं की किलोनं, ज्वारी तेवढीच.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची पट्टी तर याहून कडक आहे: २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम. तेव्हा ‘समाधानकारक’ वाचून फार समाधान मानू नये, असं माझं मत.

अजून एक मेख. छोट्या गावांत बहुतेक ठिकाणी मोजणारं यंत्रच नसतं. मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, त्यांच्याकडे लक्ष जातं. बाकी गावांचा आकडा अ‍ॅपवाले उपग्रहाची छायाचित्रं, वाऱ्याचा अंदाज आणि जवळपासच्या यंत्रांवरून गणितानं काढतात. म्हणून तो आकडा म्हणजे निव्वळ अंदाज. ‘आज कालपेक्षा वाईट आहे’ हे त्यावरून कळतं, पण १५२ की १६० यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

विहिरीत पोहलात ना?

एप्रिल-मेमध्ये विहिरीत उडी मारलेल्या कुणालाही हे माहीत आहे: वरचं हातभर पाणी कोमट लागतं आणि पाय खाली गेले की गार झणका बसतो. गार पाणी जड, ते तळाशी बसतं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. कुणी ढवळत नाही तोवर दोन्ही आपापल्या जागी.

हवेचं एरवी याच्या उलट चालतं. दिवसा ऊन जमिनीला तापवतं, जमीन तिला चिकटलेली हवा तापवते, ती हलकी होऊन वर जाते, वरची गार हवा खाली येते. वरणाला उकळी फुटते तसं. या उकळीबरोबर आपला सगळा धूर वर जातो आणि पांगतो.

थंडीतल्या रात्री ही उकळी बंद पडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. सूर्य बुडाला की जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते, कारण अडवायला ढगांची गोधडी नसते. जमीन गारठते, तिला लागलेली हवा गारठते, आणि तिच्यापेक्षा शंभर-दोनशे मीटर वरची हवा मात्र उबदार राहते. म्हणजे विहीर झाली: खाली गार आणि जड, वर ऊबदार आणि हलकं. खालचं वर जायला काही कारणच उरत नाही. याला ‘तापमानाची विपरीतता’ असा भारदस्त शब्द आहे. मी वर्गात ‘झाकण’ म्हणायचो, मुलांना तेच लक्षात राहायचं.

हे झाकण डोळ्यांनी दिसतं. साडेसहाला दरीच्या काठावर उभं राहून खालच्या वस्तीतल्या एखाद्या चुलीचा धूर बघा. तो सरळ, दोरीसारखा वर चढतो, आणि एका उंचीवर गेला की कुणीतरी हात लावून थोपवल्यासारखा थांबतो, आडवा होतो, पसरतो. चार-पाच धूर असले तर सगळे त्याच उंचीला आडवे होतात. तिथे झाकण आहे.

तिखट तेवढंच, भांडं लहान

चमचाभर तिखट पंगतीच्या हंड्यात टाकलं तर कुणाला कळणारही नाही. तेच वाटीभर वरणात टाकलं तर डोळ्यांतून पाणी. उन्हाळ्याच्या दुपारी हवेची ही ‘उकळी’ दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोचते, तो हंडा. थंडीच्या पहाटे ती काहीशे फुटांत संपते, ती वाटी. गावानं जाळलेलं सरपण दोन्ही वेळी सारखंच असलं तरी नाकात जाणारा धूर कितीतरी पट होतो.

आबांना नेमकं हेच पटेना. त्यांचं म्हणणं, हवा खराब झाली म्हणजे कुणीतरी जास्त धूर केला असणार. पण १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पाच दिवस जे घडलं त्यात कोळसा थंडीमुळे नेहमीपेक्षा थोडा जास्त जळत होता, पण तेवढ्यानं ते घडलं नसतं. पाच दिवस झाकण हललं नाही, हा खरा फरक. पहिल्या हिशेबातच सुमारे चार हजार माणसं गेली होती, नंतरचे अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. आपलं गाव लंडन नाही आणि आपलं झाकण रोज सकाळी उघडतं, हे आपलं नशीब.

“पण कारखाना नाही, मग धूर कुणाचा?”

आपलाच. माझ्या घरापासून सुरुवात करतो.

आमच्या अंगणात तांब्याचा बंब आहे. गॅस आला, स्वयंपाकघरातली चूल गेली, पण आंघोळीचं पाणी बंबावरच. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर वाडी-तांड्यावर पोचले, तरी पाणी तापवायला सिलिंडर कोण जाळणार? बंब पेटवायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: खाली दोन गोवऱ्या, वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या), आणि ओलं सरपण लवकर पेट घेत नाही म्हणून एक प्लास्टिकची पिशवी किंवा तुटक्या चपलेचा तुकडा. तो तुकडा पेटला की जो काळा, जड धूर निघतो तो वर जायचा सोडून कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्याकडे उतरतो. मी स्वतः कित्येक वर्षं हे केलंय. आणि वेळ कोणती? पहाटे पाच ते सात. झाकण घट्ट बसलेलं असतं, नेमकी तीच वेळ.

दिवाळीत तर कळस. आपल्याकडे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटेचं, म्हणून घरोघरी बंबही पहाटे आणि फटाकेही पहाटे.

त्यात भर पडते ती अशी. झाडलोट करणारे पालापाचोळ्याचा ढीग रस्त्याकडेला पेटवतात. रात्री चौकाचौकात शेकोट्या, त्यात टायरचा तुकडा असतोच. शेतात हुरड्याची आगटी (तिचा धूर मला आवडतो, हे कबूल करतो). ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात, गुऱ्हाळं चालू होतात, तुटलेल्या उसाच्या फडात पाचट पेटतं. पाचटाची काळी कुसळं दोन-तीन किलोमीटर उडत येऊन गच्चीवरच्या वाळवणावर पडतात आणि बायका वैतागतात. गंमत म्हणजे ही दिसणारी कुसळं त्या मानानं निरुपद्रवी. ती एवढी मोठी असतात की नाकातच अडकतात. त्यांच्यासोबत निघालेला न दिसणारा भाग फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो.

काही कण तर कुणी सोडलेलेच नसतात. पहाटे हरभऱ्यावर दव असतं, ते कुणी ओतलेलं नसतं, हवेतल्या वाफेचं झालेलं असतं. तसंच शेण-गोमूत्र आणि युरियातून सुटणारा अमोनिया, आणि गाड्या व कोळशाच्या धुरातले वायू, हे हवेत एकमेकांना भेटून बारीक कण तयार करतात. गारठ्यात हे जास्त होतं.

परळीचं औष्णिक केंद्र इथून फार लांब नाही, आणि राखेचा विषय निघतोच. तिथल्यासारख्या उंच चिमण्या शे-दोनशे मीटर उंच का बांधतात, ते मात्र झाकणामुळेच कळतं: धूर झाकणाच्या वर सोडता यावा म्हणून. रात्री तो वरच राहतो. सकाळी ऊन चढून उकळी तिथवर पोचली की त्यातला काही खाली खेचला जातो. त्यामुळे उंच चिमणीपासून वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या गावांत हवा कधी कधी उजाडल्यानंतर तास-दोन तासांनी बिघडते. जमिनीवरची उडणारी राख हा वेगळाच प्रश्न, त्याला झाकण लागत नाही, उघडा डंपर पुरतो.

“डोंगरावर आहोत, मग सुटलो की!”

डोंगर दुरून साजरे म्हणतात ते उगीच नाही. डोंगरावर असणं आणि डोंगरातल्या खोलगट जागी असणं यात फरक आहे.

आपल्या या बालाघाटाच्या डोंगरात शेती करणाऱ्याला हा फरक भूगोलाच्या मास्तरापेक्षा जास्त कळतो. लवणातल्या, म्हणजे खोलगट रानात थंडी जास्त पडते, माळावर कमी. लवणातला भाजीपाला करपतो तेव्हा टेकाडावरचा तग धरतो. कारण रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतरत लवणात साचते. धूरही त्याच वाटेनं जातो. म्हणजे उतारावर मध्यावर असलेली वाडी पहाटे स्वच्छ हवेत असू शकते आणि तिच्याच पायथ्याला, नदीकडेला असलेली वस्ती धुरात बुडालेली. अंबाजोगाईसारख्या पठाराच्या काठावरच्या गावात तर एकाच गावाचे दोन भाग दोन हवेत असतात. मार्गशीर्षातल्या योगेश्वरीच्या यात्रेला बाहेरून आलेली मंडळी दुपारी बारा वाजता छातीभर श्वास घेऊन म्हणतात, “काय हवा आहे हो तुमच्याकडे!” बाराला आहेच. त्यांनी सकाळी सातला बुट्टेनाथाच्या दरीकडच्या बाजूला उभं राहून म्हणावं.

एक खुलासा करतो, कारण ‘धुई’ हा आपला शब्द दोन्हीला चालतो. नुसती पाण्याची धुई म्हणजे प्रदूषण नव्हे. पण बारीक कण दमट हवेत पाणी पिऊन फुगतात आणि तीच धुई दाट दिसते. डोळे चुरचुरले, घशाला खवखव झाली, धुराचा वास आला, तर ती धुराची धुई. स्वस्तातली मोजणी यंत्रं पाण्याच्या थेंबालाही कण समजून आकडा फुगवतात, हेही ध्यानात ठेवा.

बाकीचं वर्ष

पावसाळ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच त्याचं कौतुक. पाऊस कण धुऊन नेतो, जमीन ओली असल्यानं धूळ उडत नाही, समुद्राकडून वारा येत राहतो. ऑगस्टमध्ये फोन हिरवा असतो आणि कुणी तो बघतही नाही.

उन्हाळ्यात धूळ भरपूर: वावटळी, वीटभट्ट्या, गवताळ उतारांवरचे वणवे, पेटवलेले बांध. “मग उन्हाळ्यातच हवा जास्त वाईट नाही का?” डोळ्यांना तसंच दिसतं. पण उन्हाळी धुळीत जाड कणांचा वाटा मोठा असतो, त्यातले बरेच नाक-घशात अडकतात, आणि भांडं हंड्याएवढं असतं. दम्याच्या माणसाला तीही बाधते, नाही असं नाही. तरी बारीक कणांपुरतं बोलायचं तर आपला वाईट काळ दिवाळी ते शिमगा.

“आमच्या आजीनं जन्मभर चूल फुंकली, काही झालं नाही”

हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. माझीही आजी चूल फुंकायची. शेवटची पाच-सहा वर्षं ती पलंगावर आडवी झोपू शकत नव्हती, उशांना टेकून बसून झोपायची. घरात त्याला ‘म्हातारपणाचा दमा’ म्हणायचे. आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईला म्हातारपणाचा दमा कुठून झाला, हे कुणी विचारलं नाही. श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा जो विकार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, तो चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना होतो, हे आता वैद्यकशास्त्रात नीट माहीत आहे. बारीक कण रक्तातही उतरतात, त्यामुळे प्रश्न छातीपुरता नाही, हृदयविकाराचाही आहे. लहान मुलं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, त्यांच्या वाट्याला जास्त.

“मग शेतकऱ्यालाच का बोलता?”

बोलत नाही. पऱ्हाट्यांचंच घ्या. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, तेव्हापासून हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या रानात उभ्या ठेवू नका असंच सांगितलं जातंय, कारण अळी त्यातच दडते. मजूर मिळत नाही, कुट्टी करणारं यंत्र भाड्यानं आणायचं तर पैसे मोजावे लागतात, काडेपेटी मात्र खिशातच असते. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं. ते सरीत दाबून खोडव्याला ओल धरून ठेवता येते, जाळलं तर त्यातलं नत्र धुरासोबत गेलं, हे शेतकऱ्यालाही कळतं. पण पुढच्या पाण्याची पाळी परवा असते आणि पाचटात पाणी पुढे सरकत नाही. फडाशेजारच्या कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या पोरांचा श्वास या हिशेबात कुणीच धरत नाही. तीही आपल्याच बीड जिल्ह्यातली पोरं.

वेळेचाही पेच आहे. शेतकरी संध्याकाळी पेटवतो, कारण वारा पडलेला असतो आणि आग आवाक्यात राहते. झाकण बसायचीही तीच वेळ. भर दुपारी पेटवलं तर धूर वर जाईल, पण ठिणगी शेजाऱ्याच्या गंजीत जाईल. याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. कुट्टी यंत्र गावात दोन-चार जणांनी मिळून आणलं तरच काही होतं, एकट्याला उपदेश करून होत नाही.

“मग काय, फिरायलाच जायचं नाही?”

जायचं, पण उशिरा. थंडीत साधारण नऊ-साडेनऊनंतर झाकण ढिलं पडायला लागतं, अकरापर्यंत बहुतेक दिवशी मोकळं. ‘पहाटेची ताजी हवा’ हा समज पावसाळ्यात खरा आहे, डिसेंबरात नाही. खिडक्या-दारंही तशीच: दुपारी सताड उघडी, दिवेलागणीला लावून घ्यायची. उपरणं किंवा स्कार्फ तोंडाला बांधून जाड धूळ अडते, बारीक कण त्यातून आरपार जातात. त्यासाठी एन-९५ मास्कच हवा, आणि तो नाकाशी घट्ट बसलेला हवा.

बंब मी मोडीत काढलेला नाही. पाणी आता गच्चीवरच्या सौर बंबातून येतं, आभाळ आलं तरच खालचा पेटतो, तोही वाळल्या लाकडावर. आमच्या घरात यावरून बरीच खळखळ झाली. सौर बंबाचं पाणी ‘अंगाला लागत नाही’, असं आईचं म्हणणं आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

राहिला मोजण्याचा प्रश्न. यंत्र नसलं तरी काठावर उभं राहून समोरच्या डोंगररांगा मोजता येतात. पावसानं उघडीप दिल्यावर मी एकामागे एक चार धरतो. आबांनी फोन खिशात ठेवून हेच सुरू केलंय, वेळ मात्र काही केल्या बदलत नाहीत. परवा साडेसहाला त्यांना एकच रांग दिसली, तीही पुसट. मी साडेदहाला गेलो तेव्हा तीन दिसत होत्या.